केळ्यांचा शिरका आणि दाणे काढलेली मक्याची कणसे

पिंप्राळ्याच्या शिवारापासून रावेर-यावलपर्यंत केळीचे घड उतरविल्यानंतर काही फण्या बाजारात न जाता मागे राहतात. काहींची साल डागाळलेली असते, काही फळे आखूड, तर काही अधिक पिकलेली. ती बहुधा उकिरड्यावर जातात. याच भागात मक्याची मळणी झाली की दाणे काढलेल्या कणसांचे ढीग चुलीत अथवा बांधावर जळतात. या दोन टाकाऊ वस्तूंपासून शिरका, म्हणजेच व्हिनेगर, तयार करता येतो.

पक्व केळ्यातील साखरेचे यीस्ट मद्यार्कात रूपांतर करते. पुढे ॲसिटोबॅक्टर वर्गातील जंतू त्या मद्यार्कापासून ॲसिटिक आम्ल बनवितात. या जंतूंना हवा अत्यावश्यक असते. त्यामुळे रस भांड्यात नुसता ठेवल्यास त्यांची साय पृष्ठभागावरच धरते व शिरका होण्यास कित्येक आठवडे लागतात. जर्मनीत शुत्झेनबाख यांनी १८२३ साली यावर उपाय योजला. त्यांनी पिंपात बीच वृक्षाच्या लाकडाच्या ढलप्या भरल्या, वरून रस ठिबकविला आणि खालून हवा खेळती ठेवली. जंतू ढलप्यांना चिकटून राहिले व आठवड्यांचे काम दिवसांवर आले. ज्यांच्या बागेत ठिबक सिंचन आहे, त्यांस ही रचना निराळी समजावून सांगावयास नको!

सूक्ष्मजीवांना असे आधारावर बसवून ठेवण्यास पेशींचे स्थिरीकरण म्हणतात. जपानच्या तानाबे कंपनीने १९७३ साली जेलमध्ये अडकविलेल्या जंतुपेशींच्या योगे ॲस्पार्टिक आम्लाचे उत्पादन सुरू केले. शिरक्याचे पिंप त्याहून दीडशे वर्षे जुने आहे, आणि त्यास महागडे जेल लागत नाही.

आमच्या मते आपल्याकडे या कामास मक्याचे कणीस सर्वांत सोयीचे. ते खरबरीत असते, भिजल्यावर लगेच दबत नाही आणि तुकड्यांमध्ये हवेस वाट राहते. गव्हाचे काड व उसाचे चिपाड भिजून बसते व हवा कोंडते. जून गिलक्याची वाळलेली जाळीही चांगली. यीस्ट धरून ठेवण्यासाठी तिचा उपयोग प्रयोगशाळांत झालेला आहे. पऱ्हाटीवर मात्र कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या झालेल्या असतात, म्हणून ती खाद्यपदार्थाच्या कामी घेऊ नये. बुरशी आलेले कणीसही वर्ज्य करावे.

कणसांचे एक-दोन इंचांचे तुकडे धुऊन, उकळून व वाळवून घ्यावेत आणि न तापविलेल्या चांगल्या शिरक्यात एक दिवस भिजवावेत. त्यातूनच जंतूंचे विरजण लागते. पिंप लाकडाचे किंवा खाद्ययोग्य प्लास्टिकचे असावे. लोखंड व तांबे आम्लाने झिजते. तळापासून काही अंतरावर सच्छिद्र फळी बसवून तिच्या खाली बाजूस हवेची भोके ठेवावीत. साठलेला रस पुनःपुन्हा वरून सोडावा. कच्च्या केळ्यातील पिष्टावर यीस्टचे काम होत नाही, तेव्हा फळ पूर्ण पिकलेलेच घ्यावे.

खरी अडचण उष्णतेची आहे. या जंतूंस २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते, शिवाय आम्ल बनताना पिंपात स्वतंत्र उष्णता निर्माण होते. खानदेशातील मे महिन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत पिंप चालविण्याचा आग्रह धरू नये. हिवाळा हाच याचा हंगाम.

कायद्याची बाजू ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरंभीच स्पष्ट करावी. मधल्या टप्प्यातील आंबलेला रस मद्यार्कयुक्त असतो आणि १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचा संबंध येतो. म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे विचारणा केल्यावाचून कोणी रस आंबवू नये. एकट्या शेतकऱ्यापेक्षा सहकारी संस्थेने किंवा उत्पादक कंपनीने हे काम हाती घेणे बरे. विक्रीच्या शिरक्यात दर १०० मिलिलिटरमध्ये किमान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असावे लागते. तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी, जिभेवर विसंबू नये.

कणसे मऊ पडून दबू लागली की बदलावीत. काढलेली कणसे आंबट असतात. थोडा चुना मिसळून ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत.