जुना दावा सांगायचा राहिला, म्हणून ज्युरर खोटारडा ठरतो का?

२४ ऑगस्ट २०१२. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या संघीय न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने अ‍ॅपलच्या बाजूने कौल दिला: सॅमसंगने सुमारे १०५ कोटी डॉलर भरपाई द्यावी. त्यानंतर सॅमसंगच्या वकिलांनी ज्युरीच्या प्रमुखावर बोट ठेवलं. सीगेट ही त्याची पूर्वीची कंपनी. तिने १९९३ मध्ये त्याच्यावर दावा लावला होता आणि त्याच वर्षी त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. २०११ मध्ये सॅमसंगने आपला हार्ड डिस्कचा व्यवसाय सीगेटला विकला आणि त्या व्यवहारात ती सीगेटची मोठी भागधारक झाली. सीगेटवरचा जुना राग या माणसाने सॅमसंगवर काढला असेल, हा सॅमसंगचा संशय.

ज्युरी निवडताना न्यायाधीश ल्यूसी को यांनी विचारलं होतं की तुम्ही किंवा तुमच्या जवळचं कुणी कधी वादी, प्रतिवादी किंवा साक्षीदार म्हणून दाव्यात होतं का? त्याने २००८ चा एक वाद सांगितला. १९९३ चा सांगितला नाही. प्रश्नाला वर्षांची मर्यादा नव्हती.

आता बहुतेकांना वाटतं, एवढं सिद्ध झालं की निकाल रद्द. तसं होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मॅकडोनो खटल्यात दोन कसोट्या घालून दिल्या. ज्युररने महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर अप्रामाणिकपणे दिलं, हे आधी दाखवावं लागतं. मग खरं उत्तर मिळालं असतं तर त्याला ज्युरीतून वगळायला कायदेशीर कारण मिळालं असतं, हेही दाखवावं लागतं. तो खटला गवत कापण्याच्या यंत्राखाली पाय गमावलेल्या मुलाचा होता. घरात कुणाला गंभीर दुखापत झाली आहे का, या प्रश्नावर एक ज्युरर गप्प राहिला. टायर फुटून त्याच्या मुलाचा पाय मोडला होता. ती दुखापत या प्रश्नात मोडते, असं त्याला वाटलंच नव्हतं. न्यायालयाने ही प्रामाणिक चूक मानली आणि फेरखटल्याचा आदेश रद्द केला. मला हा विचार पटतो. आठवण, समज आणि भिडस्तपणा यांतून निसटलेलं प्रत्येक उत्तर खोटं ठरवलं, तर कोणताच निकाल टिकायचा नाही.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे: खरं सांगण्याचा सगळा भार ज्युररवरच असतो. सॅमसंग हरली ती इथेच. आपण सीगेटमध्ये काम केल्याचं त्या माणसाने निवडीच्या वेळी सर्वांसमोर सांगितलं होतं. तरीही सॅमसंगच्या वकिलांनी त्या धाग्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही. दिवाळखोरीची कागदपत्रं त्यांनी शोधली ती निकाल विरुद्ध गेल्यावर. डिसेंबर २०१२ मध्ये न्यायाधीश को यांनी सॅमसंगची फेरखटल्याची मागणी फेटाळली. थोडी तत्परता दाखवली असती तर हे आधीच कळलं असतं, त्यामुळे हरकतीचा हक्क सॅमसंगने गमावला, असं त्यांचं म्हणणं. भरपाईची रक्कम पुढे वेगळ्या कारणांनी कमी-जास्त होत राहिली. ज्युररच्या मुद्द्यावर मात्र निकाल हलला नाही.

मिझुरी राज्याने याच बाबतीत ठोस पाऊल उचललं. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या एका खटल्यात एका ज्युररने आपल्यावरचे जुने दावे सांगितले नव्हते. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला मान्य केला, पण पुढच्यांना बजावलं: न्यायालयाच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत, तेव्हा शपथ होण्याआधीच ज्युररांची नावं तपासा. निकाल हातात पडेपर्यंत वाट पाहणं ही पक्षकाराची पळवाट होती. ती बुजवली गेली, हे योग्यच झालं.

चर्चेच्या खोलीत ज्युरर काय बोलला यावरून त्याचं खोटं उघडं पाडता येईल, असंही पुष्कळांना वाटतं. २०१४ च्या वॉर्गर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता एकमताने बंद केला. पुरावा बाहेरूनच आणावा लागतो. वांशिक पूर्वग्रहाच्या उघड वक्तव्यांपुरता अपवाद २०१७ मध्ये झाला.

आणि मुद्दाम दडवलं तर? १९३३ च्या क्लार्क खटल्यात एका महिला ज्युररने आरोपीच्या कंपनीत आपण काम केल्याचं लपवलं होतं. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसालाही ज्युरीचं समन्स येतं. नानावटी खटल्यापलीकडे ज्युरीशी आपला फारसा परिचय नसतो, त्यामुळे घरमालकाशी झालेली कोर्टबाजी किंवा घटस्फोट ‘खासगी बाब’ म्हणून न सांगण्याकडे कल असतो. प्रश्नात ‘कधीही’ असेल तर हेही सांगायचं. चारचौघांत बोलणं जड जात असेल तर न्यायाधीशांशी एकांतात बोलू देण्याची विनंती करता येते. एखादा दावा नंतर आठवला, तर खटला चालू असतानाच न्यायालयाच्या कर्मचाऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यावी. तेव्हा दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्यावर प्रश्न विचारता येतात.