स्वमताचा आग्रह सोडणारा विद्वान
फ्रँकफुर्ट येथे १९२४ साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या अर्न्स्ट हास यांना नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला. १९५१ पासून बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. ज्या युरोपने घर हिरावले, त्याच्याच ऐक्याचा अभ्यास हे त्यांचे जीवनकार्य ठरले. कोळसा व पोलाद ही युद्धाची साधने. त्यांच्या सामाईक बाजारपेठेने जोडलेली सहा राष्ट्रे राजकीयदृष्ट्याही जवळ येतील, असे त्यांनी १९५८ च्या ग्रंथात प्रतिपादन केले. प्रत्यक्ष अनुभव निराळा येताच, १९७५ मध्ये आपलाच सिद्धांत कालबाह्य होत असल्याचे त्यांनी मान्य केले. व्यापाराने वैर शमू शकते. स्वमताचा आग्रह सोडण्यास मात्र अनेकांताची दृष्टी लागते.