सुताराच्या घरातील मेणबत्ती

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘सुतार संत जोसेफ’ हे चित्र झॉर्ज द ला तूर या लोरेन प्रांतातील चित्रकाराने १६४२ च्या सुमारास रंगविले. वृद्ध जोसेफ ओणवा होऊन एका जाड तुळईत गिरमिटाने भोक पाडीत आहे आणि समोर बसलेला बाल येशू एका हाती मेणबत्ती धरून व दुसरा हात ज्योतीआड करून बापाच्या कामाला उजेड दाखवीत आहे. जमिनीवर पटाशी, लाकडी हातोडा आणि लाकडाची एक वळलेली ढलपी पडली आहे. बाकी सर्वत्र काळोख. पाहणाऱ्याची नजर खिळते ती मात्र त्या मुलाच्या बोटांवर, कारण ज्योतीआडची ती बोटे आतून पेटल्यासारखी तांबूस झाली असून नखांतला मळही स्पष्ट दिसतो.

हा तांबूसपणा भक्तिभावाच्या भरात कल्पिलेला नव्हे. मेणबत्तीचा पिवळा उजेड म्हणजे ज्योतीत तापून प्रकाशणाऱ्या काजळीच्या अतिसूक्ष्म कणांचा उजेड. सूर्यपृष्ठाच्या सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअसपुढे या कणांचे तापमान पुष्कळच कमी असल्यामुळे त्यात निळ्याचा अंश अल्प आणि तांबड्या-पिवळ्याचा विपुल असतो. हा प्रकाश बोटात शिरला की मांसपेशींत इतस्ततः विखुरतो, त्या भ्रमंतीत रक्तातील हीमोग्लोबिन त्याचा निळा-हिरवा भाग शोषून घेते, आणि सुमारे ६०० नॅनोमीटरांहून अधिक तरंगलांबीचा तांबडा प्रकाश तेवढा पलीकडे निसटतो. हीमोग्लोबिनचा शोध लागण्यास तेव्हा जवळजवळ दोन शतके अवकाश होता. ला तूरपाशी होते ते केवळ निरीक्षण, पण अव्वल दर्जाचे.

प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम योहानेस केप्लरने १६०४ साली आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात मांडला. ज्योतीपासून एका वितीवर जितका उजेड पडतो, त्याचा दोन वितींवर चतुर्थांश आणि तीन वितींवर नवमांशच उरतो. म्हणूनच येशूचा चेहरा झळाळतो, जोसेफचे कपाळ उजळते आणि त्याची पाठ अंधारात विरून जाते.

ख्रिस्ती श्रद्धेत येशू हा जगाचा प्रकाश, आणि ती तुळई पुढील क्रूसाची सूचना. तरीही ला तूरने कोणाच्या मस्तकामागे प्रभावलय रेखाटले नाही. दैवी अर्थ सुचविण्याचा सारा भार त्याने एका साध्या मेणबत्तीवर सोपविला. तीस वर्षांच्या युद्धात त्याचा मुलूख बेचिराख होत होता, १६३८ साली त्याचे ल्युनेव्हिल शहर जाळले गेले, आणि अशा काळात त्याने रात्रीची अशी निःशब्द चित्रे काढली. १६५२ साली तो वारला, पुढे त्याचे नावही विस्मृतीत गेले, आणि १९१५ साली हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकाने त्याची ओळख जगाला पुन्हा पटवून दिली.

या उजेडाच्या खरेपणाविषयी एक वादही झाला. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००१ साली असा दावा मांडला की जुने चित्रकार भिंगांच्या व आरशांच्या साह्याने पटावर प्रतिमा पाडून घेत. त्यांच्या मते अशा प्रतिमेला एका मेणबत्तीचा उजेड पुरणारा नसल्यामुळे ला तूरने प्रखर दिवा दुसरीकडेच ठेवला असला पाहिजे. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड स्टॉर्क यांनी याची तपासणी केली: प्रत्येक छाया आणि ती पाडणारी वस्तू यांना जोडणाऱ्या रेषा मागे वाढवीत नेल्या, आकृतींच्या कडांवरील उजेड संगणकाने मोजला, आणि सारा पुरावा मेणबत्तीच्याच जागेकडे बोट दाखवतो असा निर्वाळा दिला. मला हा निर्वाळा मोलाचा वाटतो, कारण चित्रातील ज्योत खोटी ठरली असती तर तिच्यावर उभारलेले प्रतीकही पोकळ ठरले असते.

हे चित्र छापील प्रतीत पाहणाऱ्या वाचकाने एखाद्या रात्री खोलीतील दिवे मालवावेत, एक मेणबत्ती लावून तिच्याआड स्वतःचा हात धरावा, आणि मग ला तूरने रंगविलेल्या बोटांशी आपली बोटे ताडून पाहावीत.