चार हजारांवरची खाच

ठाण्याहून बेलापूरकडे निघालं की विटाव्याच्या पुढे दिघा लागतं. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या पट्टीत रस्ता, रेल्वे, वस्ती आणि कारखाने. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ इथे आलं, भातशेती मागे हटली आणि पोलाद, इंजिनिअरिंग, रसायनं यांची कामं सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये ‘दिघा गाव’ हे रेल्वे स्थानकही सुरू झालं. या साठ वर्षांत इथल्या माणसांनी प्रेस चालवले, ग्राइंडर धरले, कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून पाळ्या काढल्या. यातल्या कुणाला पन्नाशीला ऐकू येईनासं झालं, तर घरचे म्हणतात, ‘वय झालं, कान गेले.’ केस पिकावेत तसंच हे, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

मला या गृहीतकाबद्दलच लिहायचं आहे. कान वयाने गेले की कामाने, हे अर्ध्या तासाच्या तपासणीत बऱ्याच अंशी कळू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामामुळे होणारी इजा त्या माणसाला स्वतःला जाणवण्याच्या कितीतरी वर्षं आधी कागदावर उमटते.

तपासणीची सुरुवात साध्या डोळ्यांनी होते. डॉक्टर कानाची पाळी वर आणि मागे ओढतात, कारण मोठ्या माणसाच्या कानाची नळी किंचित वाकडी असते आणि अशी ओढल्यावरच ती सरळ होते. जेमतेम अडीच सेंटिमीटरची ही नळी. तिच्या टोकाला कानाचा पडदा. दिव्याच्या नळकांड्यातून, म्हणजे ऑटोस्कोपमधून, निरोगी पडदा मोतिया-करडा आणि चमकदार दिसतो. पडद्याच्या खालच्या अंगाला उजेडाचा एक त्रिकोण पडतो. तो हरवला असेल, पडदा लाल किंवा आत ओढलेला असेल, त्याला भोक असेल, तर निम्मं निदान तिथेच झालं. बऱ्याचदा मात्र पडदा दिसतच नाही, कारण समोर मळाचा बोळा बसलेला असतो. काडी, हेअरपिन किंवा बडने कान कोरणारा माणूस तो मळ स्वतःच आत ढकलत असतो. मळ मऊ करून डॉक्टरांनी काढला की त्यामुळे कमी झालेलं ऐकणं त्याच बैठकीत परत येतं. गरम तेल ओतण्याचा घरगुती उपाय करू नये. पडद्याला आधीच भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं.

पडद्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, तीन मिलिमीटरच्या आसपास. हवेतला आवाज आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचवायचा तर मोठी अडचण असते: हवेतून आलेली बहुतेक ऊर्जा द्रवावर आपटून परत फिरते. ही तूट पडदा आणि हाडं भरून काढतात. मोठ्या पडद्यावरचा दाब रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतो आणि साधारण २५ ते ३० डेसिबलची भरपाई होते. ही साखळी कुठेही अडली, म्हणजे मळ साचला, पडदा फाटला, मधल्या कानात पू किंवा पाणी भरलं, रिकीब जागीच घट्ट झाली, तर जे होतं त्याला वहनदोष म्हणतात. लहान मुलांचा ‘कान वाहतो’ तो बहुधा याच जातीचा. आईने बाळाला अगदी आडवं ठेवून पाजणं आणि सर्दी अंगावर काढणं यांतून तो बळावतो. वहनदोष बहुतेक वेळा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो, म्हणून मूल ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का मारण्याआधी त्याचा कान बघायला हवा.

पलीकडे कर्णावर्त. पावणेतीन वेढ्यांची ही द्रवाने भरलेली नळी सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात केसपेशींच्या रांगा असतात, एका कानात सुमारे साडेपंधरा हजार. नळीच्या तोंडाशी उंच स्वर टिपले जातात, आत जावं तसे खालचे. हा हिशेब गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मांडला आणि १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. केसपेशी मेल्या किंवा तिथून निघणारी नस बिघडली तर तो संवेदी-चेताजन्य दोष. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात नाही. वहनदोष आणि हा दोष एकाच कानात असतील तर तो मिश्र दोष.

हे दोन वेगळे कसे ओळखायचे? अजूनही पहिलं हत्यार म्हणजे ५१२ हर्ट्झचा चिमटा, ट्यूनिंग फोर्क. तो वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात. निरोगी माणसाला कानासमोर जास्त ऐकू येतो. हाडावर जास्त ऐकू आला तर समजायचं की आतला कान जागा आहे आणि अडथळा बाहेरच्या वाटेत आहे. ही चाचणी जर्मन डॉक्टर रिने यांनी १८५५ मध्ये वर्णन केली. चिमटा कपाळावर ठेवून आवाज कोणत्या कानाकडे सरकतो हे पाहण्याची चाचणी वेबर यांच्या नावाने ओळखली जाते.

आकडा हवा असेल तर ऑडिओमेट्री. बंद, आवाजरोधक खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे एकेक स्वर लहान करत नेले जातात, आणि अगदी हलका स्वर ऐकू आला तरी बटण दाबायचं असतं. मग हाडावर कंपक लावून तेच पुन्हा. कागदावर उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने मांडतात. हवेतून आणि हाडातून मिळालेल्या रेषांत अंतर पडलं तर वहनदोष. दोन्ही रेषा एकत्रच खाली गेल्या तर संवेदी-चेताजन्य. जे बाळ बटण दाबू शकत नाही त्याच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. निरोगी कान स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर सोडतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. झोपलेल्या नवजात बाळाच्या कानात छोटा मायक्रोफोन ठेवून तो प्रतिसाद काही मिनिटांत मोजता येतो.

आता त्या खाचेकडे येतो. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखात खालच्या पट्टीचे स्वर बरेचसे शाबूत असतात, मग ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा खोल बुडते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. वयाने गेलेल्या कानात रेषा ८००० कडे उतरतच जाते, वर येत नाही. ४००० लाच का? कानाची नळी तिच्या लांबीमुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवते, आणि जोरदार आवाजाची इजा त्याच्या किंचित वरच्या पट्टीत जास्त होते. म्हणजे यंत्र कुठलंही असो, मार एकाच जागी बसतो. वय वाढलं की दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात आणि खाच पुसट होते. म्हणून ती तरुणपणी शोधायची.

सुरुवातीला इजा भरूनही येते. भाताच्या खाचरातून एकदा चालत गेलं तर रोपं आडवी होतात आणि सकाळपर्यंत उभी राहतात. रोज तीच वाट तुडवली की तिथे रोप उरत नाही. पाळी संपल्यावर कानांना दडे बसल्यासारखं होणं, कानात सूं आवाज राहणं, घरी टीव्ही मोठा लावावा लागणं आणि सकाळी सगळं ठीक वाटणं हा तो पहिला टप्पा. बहुतेक माणसं ‘सवय झाली’ म्हणतात. सवय कानाला होत नाही. दर वेळी थोड्या पेशी कायमच्या जातात.

या दोषाचं वैशिष्ट्य असं की आवाज येतो पण बोलणं कळत नाही. ‘आ’, ‘ओ’ यांसारख्या स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, ती शाबूत राहते. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच पट्टीत, तीच बुडते. ‘पाच’ की ‘पास’, ‘सात’ की ‘साठ’, हे समोरच्याच्या ओठांकडे पाहून ठरवावं लागतं. नातवाचा बारीक आवाज निसटतो, लग्नाच्या हॉलमध्ये काहीच कळत नाही. ‘मी ओरडून बोलतेय तरी कळत नाही?’ असं बायको वैतागून विचारते तेव्हा ती खरंच पुरेशा मोठ्याने बोललेली असते. कागदही या माणसाला न्याय देत नाही. समजा त्याच्या कानाचे आकडे ५०० ला १५, १००० ला २०, २००० ला ३० आणि ४००० ला ६५ डेसिबल असे आहेत. सरासरी साडेबत्तीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हा ‘सौम्य’ दोष. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली ६० डेसिबलची पायरी तर फार लांब राहिली. सरासरीत खाच दडपली जाते.

हे ज्ञान नवं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं की एकाच वस्तीत दिवसभर घण घालणाऱ्या या माणसांचे कान आधी मंद होतात आणि म्हातारपणी पार जातात. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्याने ऐकली आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. १८८६ मध्ये ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी शंभर बॉयलर कामगार तपासले. साधन काय, तर खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते मोजायचं. शंभरात एकाचीही श्रवणशक्ती शाबूत निघाली नाही. तुलनेसाठी घेतलेल्या पत्र वाटणाऱ्या टपालवाल्यांचे कान कितीतरी चांगले होते.

आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या आजारांत मोजला होता, आणि कामगार विम्याच्या कायद्यात तो व्यवसायजन्य आजार आहे. मर्यादा ठरवली आहे ती आठ तासांना ९० डेसिबल. पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा: ९५ ला चार तास, १०० ला दोन, आणि ११५ ला पाव तास. इथे थोडं गणित करू. डेसिबलची मोजपट्टी अशी आहे की ३ डेसिबल वाढले की ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ११५ डेसिबलमधली ऊर्जा ९० च्या ३१६ पट. वेळ मात्र फक्त बत्तीसाव्या हिश्श्यावर आलेला. म्हणजे ‘नियमात बसणारा’ तो पाव तास कानावर ९० च्या संपूर्ण पाळीच्या सुमारे दहापट ऊर्जा ओततो. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था नायॉश म्हणूनच आठ तासांना ८५ डेसिबल आणि दर ३ डेसिबलला निम्मा वेळ असा हिशेब सुचवते. त्यानुसार १०० डेसिबललाच पाव तास पुरे. मला हाच हिशेब योग्य वाटतो, आणि आपले नियम त्या दिशेने सरकायला हवेत.

दिघ्यासारख्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट जोडून येते. टोल्युइन आणि स्टायरिन यांसारखी द्रावकं स्वतःच आतल्या कानाला इजा करतात, आणि गोंगाट सोबत असेल तर इजा वाढते. रंगकामाच्या विभागात डेसिबलचा आकडा कमी दिसला म्हणून कान सुरक्षित, असं धरता येत नाही. औषधांचंही तेच. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी वर्षानुवर्षं दिलेली कॅनामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं अनेकांचे कान घेऊन गेली. आता तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भर आहे, पण ज्यांनी ती इंजेक्शनं घेतली आहेत त्यांनी तपासणीच्या वेळी ते सांगायला हवं.

कापसाचा बोळा कानात घालून फायदा जवळजवळ होत नाही. फोमचा इअरप्लग उपयोगी पडतो, पण नीट बसवला तरच: बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर-मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग म्हणजे नुसता देखावा. अर्थात त्याआधी यंत्राला आवरण घालणं, सैल पत्रे आवळणं, कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत नेणं ही मालकाची कामं आहेत. कामगाराच्या कानातल्या प्लगने ती माफ होत नाहीत.

नियमांनुसार जास्त गोंगाटाच्या जागी लागलेल्या कामगाराची तपासणी पहिल्या १४ दिवसांत आणि मग दर १२ महिन्यांनी व्हायला हवी. या पहिल्या तपासणीत खरा जीव आहे, कारण पुढची प्रत्येक रेषा तिच्याशी ताडून बघायची असते. पण कंत्राटी कामगार ठेकेदार बदलतो तशी त्याची फाइल मागे राहते आणि प्रत्येक ठिकाणी तो नव्याने ‘पहिला’ होतो. म्हणून आलेखाची प्रत मागून घ्यावी आणि घरात रेशनकार्डासोबत ठेवावी. तपासणी पाळी सुरू होण्याआधी, रात्रभर शांततेत गेल्यावर करून घ्यावी. पाळीनंतर केली तर तात्पुरता थकवाही रेषेत मिसळतो. कँटीनशेजारच्या खोलीत, बाहेर यंत्रं चालू असताना केलेल्या तपासणीत खालचे स्वर हमखास चुकीचे येतात. ती पुन्हा मागण्यात गैर काही नाही.

दिघ्याला जवळ पडतं ते कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं रुग्णालय आहे. श्रवणयंत्र आणि सखोल तपासणीसाठी वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर मात्र मळ असेल म्हणून थांबू नये. ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झाला तरच त्याचा चांगला उपयोग होतो.