आभाळ फाटले, छत उघडे! (जुन्या गाडीचे सनरूफ बिघडले तर काय तपासाल?)



गेल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमानंतरची गोष्ट. हॉलच्या पार्किंग लॉटमध्ये निरोपानिरोपी चालली होती. आमच्या गाडीत मागच्या सीटवर मंडळाचे दोन ढोल होते आणि आमच्या २००८ सालच्या सेडानचे सनरूफ अर्धे उघडून जे अडकले ते अडकलेच. बटण दाबले की काच चार बोटे पुढे यायची आणि पुन्हा मागे सरकायची. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आभाळ फाटले तर ठिगळ कुठे लावणार म्हणतात, इथे तर गाडीचे छतच उघडे! शेवटी जेवणाच्या टेबलावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद टेपने चिकटवला, ढोलांवर चादर टाकली आणि हायवे टाळून हळूहळू घरी आलो.

दुसऱ्या दिवशी डीलरकडे गेलो. "पूर्ण सनरूफ असेंब्ली बदलावी लागेल," असे सांगण्यात आले. खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त! हीच गाडी मुलीला कॉलेजसाठी द्यायची ठरली होती. म्हणजे एक तर एवढा खर्च करा, नाही तर चांगली चालणारी गाडी मोडीत काढा. आम्ही दोघांनी ठरवले की आधी स्वतः बघू. दोन शनिवार गेले. दोष निघाला तो वाळून घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये आणि पाइनच्या झाडाच्या सुयांमध्ये. खर्च आला ग्रीसच्या एका ट्यूबचा.

आपल्यापैकी अनेकांकडे दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या आहेत. म्हणून जे शिकलो ते क्रमाने लिहीत आहोत. सांगायचे एकच आहे: सनरूफ बिघडले म्हणजे ते मेले असे नाही. तपासणी स्वस्तापासून महागाकडे करत जा आणि जबरदस्ती कुठेही करू नका.

आधी रचना समजून घेऊ

गंमत म्हणजे अमेरिकेत सनरूफचा धंदा वाढवणाऱ्यांपैकी एक, हाइन्झ प्रेक्टर, हेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. जर्मनीहून विद्यार्थी म्हणून ते इथे आले आणि १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी अमेरिकन सनरूफ कंपनी सुरू केली.

सनरूफमध्ये मुख्य भाग मोजकेच असतात. काच, ती सरकण्यासाठी दोन बाजूंना दोन रूळ, छताच्या अस्तरामागे लपलेली मोटर, आणि मोटरच्या दातेरी चाकाने पुढे-मागे ढकलल्या जाणाऱ्या दोन केबल. त्याशिवाय बटण, फ्यूज आणि काच कुठे आहे हे लक्षात ठेवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. काचेभोवतीचे रबर सगळे पाणी अडवत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. थोडे पाणी आत येणारच. ते झेलायला काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात. पुढच्या नळ्या विंडशील्डच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमधून आणि मागच्या नळ्या मागच्या खांबांमधून खाली जातात. कौलारू घराची पन्हळ जे काम करते तेच हे काम!

१. आधी काच हाताने बंद करा

पाऊस असो वा नसो, पहिले काम हे. बहुतेक जुन्या गाड्यांत याची सोय असते. गाडी बंद करून पुढच्या छतावरच्या दिव्याचे किंवा बटणांचे झाकण अलगद काढले की मोटरला षटकोनी खाच दिसते. त्यात बसणारी किल्ली बऱ्याचदा गाडीच्या टूलकिटमध्ये असते. ती हळूहळू फिरवत काच बंद करायची. काही गाड्यांत किल्ली वर दाबून फिरवावी लागते. नेमकी पद्धत ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते. मॅन्युअल हरवले असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते फुकट मिळते.

२. कान देऊन ऐका

एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने ऐकावे. निम्मे निदान इथेच होते.

- काहीच आवाज नाही: वीज पोचत नाही. फ्यूज, रिले, बटण किंवा वायर पाहा.
- मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही: दातेरी चाक झिजले असेल किंवा केबल निसटली असेल.
- काच थोडी हलते आणि परत फिरते: रूळ कोरडे आहेत, मध्ये काही अडकले आहे किंवा यंत्रणेची आठवण पुसली गेली आहे. (आमचा रोग हाच!)
- काच तिरकी होऊन एका बाजूला अडकते: दोन केबल एकमेकींपुढे-मागे झाल्या आहेत. इथे थांबा. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

आतला दिवा लावून बटण दाबणे ही एक जुनी युक्ती आहे. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत वीज पोचते आहे आणि ती जोर लावते आहे असा अंदाज करता येतो.

३. फ्यूज आणि बॅटरी

फ्यूजची जागा फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असते. फ्यूजमधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका. फ्यूज वाचेल पण वायर तापून आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायरमध्ये शॉर्ट आहे किंवा मोटर अडकली आहे. तिसरा घालत बसू नका, मेकॅनिककडे जा.

बॅटरी बदलल्यावर किंवा पूर्ण उतरल्यावर काही गाड्यांचे सनरूफ स्वतःची जागाच विसरते! मग ते फक्त तिरके उघडते किंवा एका स्पर्शात बंद होत नाही. याला औषध म्हणजे नव्याने ओळख करून देणे. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण बंद असताना बटण काही सेकंद दाबून धरायचे असते. सेकंद किती आणि बटण कोणत्या दिशेला, हे प्रत्येक गाडीचे वेगळे असल्यामुळे मॅन्युअल पाहूनच करा.

४. रुळांची साफसफाई

काच उघडत असेल तर ती उघडून दोन्ही रूळ पाहा. धूळ, पानांचा चुरा आणि जुने काळे ग्रीस यांचा लगदा झालेला असतो. तो मऊ फडक्याने आणि कान साफ करायच्या काडीने पुसून काढा. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेले ग्रीस अगदी पातळ थरात लावा. जास्त लावले तर त्याला पुन्हा धूळच चिकटते. रबराला सिलिकॉनचे वंगण चालते. पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगते, म्हणून ते टाळा.

आणि कृपा करून घरातले खोबरेल तेल लावू नका! साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते गोठते. इथल्या थंडीत बाटलीत त्याचे काय होते ते आपण रोज बघतोच.

थंडीवरून आठवले. काचेवर बर्फ असेल किंवा रबर गोठून चिकटले असेल तेव्हा बटण दाबणे म्हणजे मोटर जाळण्याचा सोपा मार्ग. गाडी आतून पूर्ण गरम होईपर्यंत थांबा.

५. नळ्यांची तपासणी (सर्वांत महत्त्वाची)

सीटखाली ओल, गाडीत कुबट वास, छतावरच्या दिव्यातून थेंब ही सगळी लक्षणे तुंबलेल्या नळीची. लोक काचेचे रबर बदलतात आणि पाणी येतच राहते.

काच उघडून पन्हळीच्या एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओता. थोड्या वेळात ते गाडीखाली, चाकाजवळ किंवा दाराच्या कडेला बाहेर पडले पाहिजे. कोपऱ्यात साचून राहिले तर नळी तुंबली आहे. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी टोक गोल करून हळूहळू आत सारा. कपड्याच्या हँगरची तार नको, नळी फाटते. जोराच्या दाबाची हवाही नको, आतल्या आत नळी जोडावरून सुटते आणि सगळे पाणी गाडीत येते.

कार्पेट भिजले असेल तर वरून पुसून भागत नाही. खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि तिथेच वायरी असतात. कार्पेट उचलून पूर्ण वाळवा.

६. इथे हात घालू नका

छताच्या कडेला आणि खांबांच्या झाकणामागे अनेक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग असते. ती झाकणे स्वतः ओढून काढू नका. तडा गेलेली काच, निसटलेली केबल आणि मोटर बदलणे ही कामेही जाणकाराची. मात्र मेकॅनिकला तीन प्रश्न जरूर विचारा. फक्त मोटर बदलून भागेल का? जुन्या गाडीतून काढलेला सुटा भाग चालेल का? बदललेला भाग दाखवाल का?

आधी गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन नंबर सरकारी एनएचटीएसएच्या वेबसाइटवर घालून पाहा. रिकॉल निघाला असेल आणि काम झाले नसेल तर ते तिथे कळते. तपासणी फुकट असते. फक्त १५ वर्षांपेक्षा जुने रिकॉल तिथे दिसतीलच असे नाही.

लहान मुलांबद्दल एक शब्द. अडथळा आला की काच आपोआप मागे घेणारी सोय प्रत्येक जुन्या गाडीत नसते, आणि असली तरी बिघडलेल्या सनरूफमध्ये तिच्यावर भरवसा ठेवू नये. दुरुस्ती होईपर्यंत पोरांना त्या बटणाला हात लावू देऊ नका.

आणि दुरुस्ती परवडतच नसेल तर?

मोटर खरोखर गेली असेल आणि खर्च नको असेल तर काच हाताने घट्ट बंद करा, सनरूफचा फ्यूज काढून ठेवा (त्यावर दुसरे काही चालत नाही ना ते पाहून) आणि गाडी खुशाल वापरा. पण नळ्या मात्र साफ करत राहा. काच बंद असली तरी पन्हळीत पाणी उतरतच असते.

गावाकडे पावसाळ्याआधी कौले शाकारायची, पन्हळी साफ करायची. इथे आपण दर फॉलमध्ये शिडी लावून घराच्या गटर्समधली पाने काढतो. त्याच दिवशी अर्धा कप पाणी घेऊन गाडीच्या पन्हळीकडेही बघा, एवढेच सांगणे. आमची सेडान आता मुलीबरोबर कॉलेजला गेली आहे. जाताना तिच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये सनरूफची किल्ली आणि नायलॉनच्या दोरीचा तुकडा ठेवला आहे.

आणि हो, ढोल कोरडे आहेत. पुढच्या वर्षी वाजतील!

चूकभूल द्यावी घ्यावी.