‘स्वालबार्ड’चा अल्बम: गाण्यातील भूमिकेची कसोटी

ब्रिटनमधील ‘स्वालबार्ड’ या बँडचा ‘व्हेन आय डाय, विल आय गेट बेटर?’ हा तिसरा अल्बम २५ सप्टेंबर २०२० रोजी प्रकाशित झाला. स्त्रियांवरील अत्याचार आणि त्यांची अवहेलना हा त्यातील एक प्रमुख विषय. मात्र, प्रकाशनाला काही दिवस उरले असताना याच विषयाने बँडसमोर एक अवघड प्रश्न उभा केला.

उत्तर ध्रुवाजवळील नॉर्वेच्या द्वीपसमूहाचे नाव धारण करणारा हा बँड २०११ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरात स्थापन झाला. सेरेना चेरी या त्याच्या प्रमुख गायिका आणि गिटारवादक. लियम फेलन हेही गिटारवादनाबरोबर गायनात त्यांना साथ देत असत.

बँडच्या संगीताचा पाया ‘पोस्ट-हार्डकोर’ या प्रकारात आहे. अमेरिकेत १९८०च्या सुमारास उदयास आलेले हार्डकोर पंक संगीत अतिशय वेगवान, कर्कश आणि संक्षिप्त होते. त्याच दशकात काही कलावंतांनी त्यातील तीव्रता कायम ठेवून रचनेत मोकळेपणा आणला. लय कधी संथ झाली, गाणी लांबली आणि आक्रोशाच्या जोडीला सुरावटही आली. वॉशिंग्टनमध्ये १९८७ साली सुरू झालेला ‘फुगाझी’ हा या प्रवाहातील महत्त्वाचा बँड. ‘स्वालबार्ड’ने या शैलीला ब्लॅक मेटलमधील अखंड, वेगवान गिटारवादनाची जोड दिली. या अल्बममध्ये चेरी यांच्या किंकाळीसदृश गायनाबरोबर त्यांचा मृदू, तरल आवाजही ऐकू येतो.

‘इट्स हार्ड टू हॅव होप’ या २०१८ मधील अल्बमपासूनच बँडने सामाजिक प्रश्न थेट मांडले होते. विनावेतन राबवून घेतले जाणारे उमेदवार, गर्भपाताचा हक्क, सूडापोटी प्रसृत केली जाणारी खासगी छायाचित्रे असे विषय त्यात होते. २०२०च्या अल्बममधील आठ गाण्यांतही तोच रोखठोकपणा आहे. अत्याचार झाल्यावर पीडितेच्या पोशाखाची चौकशी करणाऱ्या वृत्तीचा समाचार ‘व्हॉट वॉज शी वेअरिंग?’ हे गाणे घेते. ‘क्लिक बेट’मध्ये स्त्री कलावंतांविषयी खळबळ माजवून वाचक मिळवणाऱ्या संगीत पत्रकारितेवर टीका आहे. ‘लिसन टू समवन’ हे गाणे मानसिक व्यथा सोसणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याविषयी आहे.

हा अल्बम ‘होली रोअर रेकॉर्ड्स’ ही संस्था प्रकाशित करणार होती. सप्टेंबर २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात या संस्थेच्या संस्थापकावर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. त्यानंतर अनेक बँडनी संस्थेशी असलेले संबंध तोडले. ‘स्वालबार्ड’ही त्यात होता.

लहान बँडसाठी असा निर्णय सोपा नसतो. तबकड्यांची निर्मिती, वितरण, प्रसिद्धी आणि विक्रीचा हिशेब ही कामे सर्वसाधारणपणे प्रकाशन संस्थाच सांभाळते. ऐनवेळी तिची साथ सोडल्यास वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाण्याचा धोका असतो. त्यातच महामारीमुळे तेव्हा जाहीर कार्यक्रम बंद होते. तथापि, पीडितेवर विश्वास ठेवा असे सांगणारी गाणी त्याच संस्थेच्या नावाने प्रकाशित होणे या भूमिकेशी विसंगत ठरले असते.

अखेरीस ‘होली रोअर’मधून बाहेर पडलेल्या मंडळींनी नव्याने सुरू केलेली ‘चर्च रोड रेकॉर्ड्स’ ही संस्था पुढे आली. अमेरिकेत ‘ट्रान्सलेशन लॉस’ या संस्थेने जबाबदारी घेतली आणि अल्बम सप्टेंबरमध्येच श्रोत्यांपर्यंत पोहोचला.

बँडचा पुढील अल्बम ‘द वेट ऑफ द मास्क’ २०२३ मध्ये ‘न्यूक्लिअर ब्लास्ट’ या मेटल संगीतातील मोठ्या संस्थेने प्रकाशित केला. २०२०मधील त्या निर्णयाने ‘स्वालबार्ड’ची वाटचाल थांबली नाही, हे त्यावरून दिसून आले.