बाटलीपासून शिरेपर्यंत



लोहारा गाव यवतमाळ शहराला लागूनच आहे. गावात कोणी जास्त आजारी झाले, की त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यायला वेळ लागत नाही. तेथे दांडीला सलाईनची बाटली टांगली गेली, की सोबतच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. "बाटली लागली, आता चिंता नाही," असे आपण म्हणतो. आपली सारी नजर त्या टांगलेल्या बाटलीवर असते. पण ती टांगण्यापूर्वी सिस्टरच्या टेबलावर पाचदहा मिनिटे जे काम झालेले असते, ते आपण पाहत नाही. आज त्या पाचदहा मिनिटांविषयीच मला सांगायचे आहे.

गोळी आपण गिळतो, ती पोटात जाते, हळूहळू अंगात भिनते. चुकीची गेली, तर निस्तरायला निदान थोडा अवधी मिळतो. शिरेतून दिलेले औषध मात्र क्षणार्धात हृदयापाशी पोचते. वाटेत देवडी नाही, पहारेकरी नाही. हीच त्याची शक्ती आणि हाच त्याचा धोका. १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ गावच्या थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टराने पटकीच्या रोग्यांना शिरेतून मिठाचे पाणी दिले आणि मरणाच्या दारातून काही जण परत आले. आपल्या सलाईनचा उगम तो. पण त्या काळी जंतू आणि रोग यांचा संबंध कोणाला ठाऊक नव्हता. आज तो ठाऊक आहे; म्हणून आपली जबाबदारीही मोठी आहे.

तर टेबलावर काय होते? पुष्कळ औषधे कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. सिस्टरने आधी हात धुवायचे. मग कुपीवरचे नाव, मात्रा आणि मुदत वाचायची. कुपीचे रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे आणि ते वाळू द्यायचे. पुसले आणि लगेच सुई खुपसली, तर पुसण्याचा निम्मा उपयोग वाया जातो. सुई आणि सिरिंज दर खेपेला नवी. भुकटी कशात विरघळवायची, किती पाण्यात, हे प्रत्येक औषधाचे वेगळे असते. सेफ्ट्रियाक्झोन हे नेहमीच्या वापरातले औषध घ्या. रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत कॅल्शियम असते, त्यात ते मिसळायचे नसते. मिसळले तर साका धरू शकतो आणि तो साका रक्तात जाणे घातक. पोटॅशियम क्लोराइडची लहानशी अँप्युल तर दिसायला साध्या पाण्यासारखी. ती मोठ्या बाटलीत नीट मिसळून सावकाश द्यायची असते. तशीच सरळ शिरेत ढकलली, तर हृदय बंद पडू शकते.

यात गणितही आहे. एक ग्रॅम औषधाचे सर्व मिळून दहा मिलिलिटर द्रावण झाले आणि मुलाला अडीचशे मिलिग्रॅम द्यायचे, तर किती ओढायचे? अडीच मिलिलिटर. चौथीच्या वर्गातला हिशेब! पण रात्रीचे तीन वाजलेले, दोन रोगी हाका मारताहेत आणि तिसऱ्याचा नातेवाईक तावातावाने बोलतो आहे, अशा वेळी दशांश चिन्ह एक घर सरकले, की मात्रा दहापट होते.

चूक किती सहज होते, याची एक जुनी गोष्ट आहे. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन साहेबांची प्रयोगशाळा मुंबईत परळला होती. तिथली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ लोकांना टोचली गेली. त्यांपैकी ज्या १९ जणांना ५३-एन या एकाच बाटलीतून लस मिळाली, ते सगळे धनुर्वाताने मेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना पदावरून दूर व्हावे लागले. पण पुढे पुराव्यांतून निघाले ते असे: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट जंतुरहित न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडावे लागले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव मिळाले. ही लस शिरेतून दिली नव्हती, हे खरे. पण बोध तोच. हजारो बाटल्या चोख तयार होतात, आणि शेवटच्या हातातला एक चिमटा सारे काही बुडवतो.

कोणी म्हणेल, ते जुने दिवस होते. तर २००३ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी ऐका. ब्रिटनमधल्या दोन रुग्णालयांत शिरेतून दिलेल्या ४३० मात्रा बारकाईने पाहिल्या गेल्या. त्यांपैकी २१२ मध्ये, म्हणजे जवळजवळ निम्म्यांत, तयार करताना किंवा देताना एक तरी चूक निघाली. फार गंभीर चुका थोड्या होत्या, पण होत्या. पुष्कळ चुका तर औषध फार भराभर शिरेत ढकलण्याच्या होत्या.

आणि आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट फार जुनी नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात कापसीकोपरी येथे पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांना हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली. तोंडाने दिले म्हणून निभावले, शिरेतून गेले असते तर? त्या दिवशी बाटलीवरचे नाव कोणी वाचले असते, तर ते टळले असते.

मी शिकवण्याच्या धंद्यातला माणूस. परीक्षेत "औषध देण्यापूर्वी काय पाहावे?" असे विचारले, तर सगळे बरोबर लिहितील. पण उत्तरपत्रिकेतले ज्ञान वेगळे आणि हातात मुरलेले ज्ञान वेगळे. हातात मुरायला सराव लागतो, कोणीतरी शेजारी उभे राहून तपासावे लागते, आणि टेबलाजवळ थोडी शांतता लागते. औषध घेताना, भरताना आणि कुपी परत ठेवताना, असे तीनदा नाव वाचावे. धोक्याचे औषध दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. बाटलीवर रोग्याचे नाव, औषध आणि वेळ लिहावी. ह्या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते. आणि शिस्त एकट्या सिस्टरची नसते. तिच्यावर किती रोग्यांचा भार टाकला, हेही त्यात येते.

मग आपण काय करावे? एक, सिस्टर औषध भरत असताना तिला हाका मारू नये. दोन, बाटली लवकर संपावी म्हणून नळीचे चाक आपल्या हाताने फिरवू नये. पाचशे मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची आणि नळी मिलिलिटरला वीस थेंबांची असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. गुरुजींनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. तीन, "हे कोणते औषध?" असे नम्रपणे विचारावे. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. चार, अंगात कसर वाटते म्हणून "डॉक्टरसाहेब, एक बाटली चढवून द्या," असा हट्ट धरू नये. जे तोंडाने घेता येते, त्यासाठी शिरेचे दार उघडू नये.

त्या दाराला आतून कडी नाही. बाहेर उभ्या असलेल्या हातांनीच ते राखायचे आहे.